परदेशचें घड्याळ आणि घोडनदीची वेळ

ज्या घरचा मुलगा किंवा मुलगी शिक्षणासाठीं अथवा नोकरीसाठीं जर्मनींत, जपानांत वा अमेरिकेंत आहे, त्या घरीं गेल्या कांहीं वर्षांत एक नवी वस्तु भेट म्हणून येऊं लागली आहे. ती म्हणजे रेडिओच्या लहरींवरून वेळ घेणारें मनगटी घड्याळ. पुण्या-मुंबईचें राहूं द्या. शिरूर-दौंडसारख्या तालुक्याच्या गांवींहि तें आतां दृष्टीस पडतें. वडिलांच्या मनगटावर तें बांधतांना मुलगा कौतुकानें सांगतो, "बाबा, ह्याला किल्ली नको, सेल नको, वेळ लावणें नको. हें आपलें आपणच बरोबर राहतें." मुलगा परत जातो, आणि वर्षभरानें घड्याळ दोन-तीन मिनिटें चुकलेलें आढळतें. मग वडिलांस वाटतें, आपल्याच हातून कांहीं बिघडलें. शेजारी म्हणतात, माल खोटा असावा. आणि आईस वाटतें, मुलगा फसला. ह्या तिन्ही समजुती निराधार आहेत. त्या दूर व्हाव्यात म्हणून चार गोष्टी येथें सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम हें घड्याळ करतें काय, तें पाहूं. त्याच्या पोटांत इतर घड्याळांप्रमाणेंच क्वार्ट्झचा, म्हणजे गारेच्या स्फटिकाचा, एक बारीक तुकडा असतो. तो सेकंदास ३२,७६८ वेळां कंप पावतो आणि त्या हिशेबानें कांटे चालतात. अशा घड्याळांत महिन्याकाठीं सुमारें १५ सेकंदांपर्यंत फरक पडूं शकतो. तो नाहींसा करण्यासाठीं आंत एक लहानशी अँटेना बसविलेली असते व ती रोज रात्रीं एखाद्या वेळ सांगणाऱ्या केंद्राच्या लहरी शोधते. जर्मनींत फ्रांकफुर्टजवळ माइनफ्लिंगेन येथें असें केंद्र १९५९ पासून आहे. तें ७७.५ किलोहर्ट्झवर दर सेकंदास एक खूण पाठवितें. मिनिटभराच्या खुणा जोडल्या म्हणजे तास, मिनिट, वार, तारीख हें सर्व उलगडतें. मिनिटाच्या शेवटच्या सेकंदाची खूण मुद्दाम गाळलेली असते. त्या मौनावरूनच पुढील मिनिटाचा आरंभ कळतो. इंग्लंडांत अँथॉर्न, अमेरिकेंत फोर्ट कॉलिन्स, चीनमध्यें शांगच्यू आणि जपानांत दोन ठिकाणीं अशींच केंद्रें आहेत. ह्या जातीचें पहिलें मनगटी घड्याळ जर्मनीच्या युंगहान्स कंपनीनें १९९० सालीं काढलें.

आतां नकाशा पुढें घ्यावा. ह्या केंद्रांच्या लहरी मनगटी घड्याळास साधारणतः एक ते तीन हजार किलोमीटरांपर्यंतच उपयोगी पडतात. शिरूरपासून माइनफ्लिंगेन साडेसहा हजार किलोमीटरांहून दूर आहे. त्यांतल्या त्यांत जवळचें चिनी केंद्रहि चार हजारांच्या पलीकडे. आणि ह्या घड्याळांस ऐकूं येईल असें दीर्घ लहरींचें केंद्र भारतांत नाहीं. तेव्हां घड्याळ गच्चीवर ठेवलें, खिडकींत ठेवलें, वा रात्रभर उत्तरेस तोंड करून ठेवलें, तरी त्यास कांहींएक ऐकूं येणार नाहीं. दोष घड्याळाचा नव्हे, अंतराचा आहे.

बरोबर वेळ कोणती, ह्याचाहि थोडा विचार केला पाहिजे. पूर्वीं लग्नघरीं घटिकापात्र मांडीत. तळाशीं बारीक छिद्र असलेलें तें तांब्याचें पात्र २४ मिनिटांत बुडे. पण तें पाहण्यास कोणी जाणता मनुष्य शेजारीं बसवावा लागे. ती वेळ त्या त्या गांवच्या सूर्याची. पुढें १ जानेवारी १९०६ पासून मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशाची वेळ भारताची प्रमाण वेळ ठरली. शिरूर, म्हणजेच घोडनदी, त्या रेषेच्या पश्चिमेस असल्यानें तेथील स्थानिक वेळ प्रमाण वेळेच्या सुमारें ३२ मिनिटें मागें आहे. दौंड थोडें पूर्वेस, म्हणून तेथें हा फरक पाऊण मिनिटानें कमी. आज ही प्रमाण वेळ नवी दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा अणुघड्याळांवर राखते. ती जागतिक वेळेच्या साडेपांच तास पुढें आहे. हा अर्धा तासच परदेशी घड्याळास नडतो. कारण कांहीं घड्याळांत पूर्ण तासांचाच फरक लावतां येतो. भेट घेणाऱ्या मुलांस ही गोष्ट आधींच कळवावी.

घड्याळ लावण्याची रीत अशी. गांवांच्या यादींत पुणें-मुंबई बहुधा नसते, दिल्ली असते. तीच 'घरचें गांव' म्हणून निवडावी. उन्हाळी वेळेचा पर्याय बंद करावा. कित्येक जण गांव बर्लिनच ठेवून कांटे हातानें भारतीय वेळेवर आणतात. हें करूं नये; कारण युरोपांत मार्च व ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारीं घड्याळें तासभर पुढें-मागें होतात, आणि त्या पहांटे कांहीं घड्याळें आपण होऊन तसेंच करतात. शिरूरला रेल्वे नाहीं. मनमाडकडील किंवा सोलापूरकडील गाडीसाठीं दौंड जंक्शन गांठावयाचें असतां तासाची चूक म्हणजे गाडी चुकलीच. ह्यानंतर महिन्यांतून एक दिवस नेमून मोबाईल फोनवरील वेळेशीं घड्याळ जुळवावें. मिनिट पालटतांच सेकंद शून्यावर आणावा, म्हणजे झालें. फोनच्या ध्वनिवर्धकांतून जपानी केंद्राच्या लहरींची नक्कल काढून घड्याळास वेळ ऐकविण्याची युक्तीहि हौशी तरुण करतात. परंतु ती वेळहि शेवटीं फोनचीच.

मुलांकडे परदेशीं जाल तेव्हां मात्र तेथील गांव निवडून रात्रीं घड्याळ खिडकीशीं, दूरदर्शन-संच व शीतकपाट ह्यांपासून दूर ठेवावें. सकाळीं तें सेकंदासह बरोबर झालेलें दिसेल. परत येतांना पुन्हां दिल्ली निवडण्यास विसरूं नये.

निगेविषयीं एकच गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. ह्यांपैकीं पुष्कळ घड्याळें उजेडावर चालतात. तबकडीखालीं प्रकाशापासून वीज करणारा पडदा व ती सांठविणारा सेल असतो. मौल्यवान वस्तु म्हणून तें डबींत घालून कपाटांत ठेवलें, तर सेल हळूहळू रिकामा होतो, आणि फार दिवस रिकामा राहिल्यास पुन्हां भरेनासा होतो. लग्नकार्यापुरतें बाहेर काढावयाचें म्हणून जपलेलें घड्याळ जपण्यानेंच मरतें. तें रोज वापरावें. थंडींत बाही किंवा शालीखालीं झांकलें जात असेल, तर सकाळच्या कोंवळ्या उन्हांत खिडकीशीं ठेवावें. वैशाखांतील दुपारचें ऊन, पत्र्याचें छप्पर आणि मोटारीची पुढची कांच हीं मात्र टाळावीं; उष्णतेनें सेल व रबरी कडीं दोन्ही खराब होतात. पट्टा धातूचा असल्यास मऊ ब्रशानें साबणाच्या पाण्यांत घांसावा. पण आधीं किल्लीचें बोंड नीट आंत बसलें आहे ना, तें पाहावें. लोहचुंबकाची पकड असलेलें फोनचें पाकीट व ध्वनिवर्धक जवळ ठेवूं नयेत. कांटे व आंकडे वेगळी वेळ दाखवूं लागल्यास माहितीपत्रकांत दिल्याप्रमाणें कांटे शून्यस्थानीं आणावेत.

स्वयंचलित म्हणून दिलेल्या वस्तूसहि कोणी तरी पाहणारा लागतोच. फ्रांकफुर्टजवळ हें काम केंद्र करतें, शिरूर-दौंडास तें घरच्या माणसानें करावें. महिन्यांतून दोन मिनिटें त्यासाठीं काढणें कांहीं फार नाहीं. घरांतील एखाद्या नातवंडाकडे हें काम सोंपविलें, तर आजोबांचें घड्याळ बरोबर राहील, आणि नातवास वेळ कोठून येते तेंहि कळेल. मुलास पत्र लिहाल किंवा फोन कराल तेव्हां इतकेंच सांगावें, कीं घड्याळ उत्तम आहे व रोज हातावर आहे.