पैसा गेला, मागण्या उरल्या : फॅन्टसी क्रिकेट खेळणाऱ्यांना काय हवे आहे?

२०२५ मध्ये २० ऑगस्टला लोकसभेत आणि दुसऱ्या दिवशी राज्यसभेत ऑनलाइन गेमिंगचे विधेयक संमत झाले. २२ तारखेला राष्ट्रपतींची मोहोर उमटली आणि फॅन्टसी क्रिकेटमधला पैशांचा खेळ थांबला. भारतीय संघाच्या जर्सीवर ज्यांचे नाव होते, त्या मुंबईच्या ड्रीम इलेव्हनने पैशांच्या स्पर्धा बंद केल्या. सप्टेंबरमधल्या आशिया चषकात आपला संघ छातीवर कुणा प्रायोजकाचे नाव न घेता उतरला. या सगळ्याच्या बातम्या झाल्या त्या कंपन्यांच्या, महसुलाच्या आणि कज्ज्यांच्या. रोज संध्याकाळी सातच्या नाणेफेकीकडे डोळे लावून ‘टीम लावणाऱ्या’ मुलांना काय वाटते, ते फारसे कुणी विचारले नाही.

अहिल्यानगर जिल्ह्यात असे खेळणारे गावोगाव सापडतात. कारखान्याच्या गेटवर, कांदा मार्केटच्या आवारात, महाविद्यालयाच्या कट्ट्यावर त्यांची चर्चा रंगते. त्यांच्याशी बोलताना पहिली काही मिनिटे हरलेल्या पैशांची असतात. पुढे मात्र बोलणे गुणपद्धतीवर येते आणि मग थांबत नाही. मला या लेखात लिहायचे आहे ते या दुसऱ्या भागाबद्दल. या लोकांच्या मागण्या जुगाऱ्याच्या नाहीत, क्रिकेट कळणाऱ्याच्या आहेत, असे माझे ठाम मत झाले आहे.

ज्यांनी कधी टीम लावली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दोन्ही संघांच्या मिळून बावीस खेळाडूंतून अकरा निवडायचे. प्रत्येकाची किंमत क्रेडिटमध्ये ठरलेली आणि आपल्या हाती शंभर क्रेडिट. एकाला कर्णधार करायचे, त्याचे गुण दुप्पट. एक उपकर्णधार, त्याचे दीडपट. मैदानावर जे घडेल त्याचे गुण आपल्या संघाला. कल्पना अमेरिकेतली. १९६२ मध्ये ओकलंडच्या काही मंडळींनी तिथल्या फुटबॉलसाठी अशा लीगची आखणी केली आणि १९८० मध्ये डॅनियल ओक्रेंट या लेखकाने बेसबॉलचा खेळ रचला. आपल्याकडे हर्ष जैन आणि भावित शेठ यांनी २००८ मध्ये, म्हणजे आयपीएलच्या पहिल्याच वर्षी, ड्रीम इलेव्हन स्थापन केली. एप्रिल २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा कौशल्याचा खेळ असल्याचा निर्वाळा दिला आणि त्यानंतर हे लोण खेड्यापाड्यांत पोहोचले.

खेळणाऱ्यांची सर्वांत जुनी तक्रार गुणांची आहे, आणि ती समजावून सांगायला आपल्याच जिल्ह्यातला माणूस पुरतो. श्रीरामपूरचा झहीर खान. २ एप्रिल २०११, वानखेडे, विश्वचषकाचा अंतिम सामना. झहीरचा पहिला हप्ता पाच षटकांचा : तीन निर्धाव, सहा धावा, उपुल थरंगाचा बळी. त्या हप्त्यात श्रीलंकेची सुरुवात जखडली गेली. पुढे त्याला मार पडला आणि आकडे झाले दहा षटकांत ६० धावांत दोन बळी. फॅन्टसीच्या जुन्या हिशेबात बळी आणि निर्धाव षटके मोजली असती, पण दडपण आणणारा एकेक चेंडू बेदखल राहिला असता. ट्वेंटी-ट्वेंटीत तर निर्धाव षटकच दुर्मीळ. चार चेंडू धाव न देता टाकून पाचव्यावर चौकार गेला, तर गोलंदाजाच्या पदरात काही नाही आणि फलंदाजाला चौकाराचा वरकड गुण. ‘डॉट बॉलला गुण द्या’ ही मागणी म्हणून वर्षानुवर्षे होती. अलीकडे ती मान्यही झाली, पण त्याच सुमारास चौकार-षटकारांचे गुण वाढवले गेल्याने गोलंदाज पुन्हा मागेच पडला, असे खेळणारे सांगतात. मला त्यांचे पटते.

दुसरा माणूस संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दचा, अजिंक्य रहाणे. ऑगस्ट २०१५ मध्ये गॉल कसोटीत त्याने आठ झेल घेतले. यष्टिरक्षक नसलेल्या खेळाडूचा एका कसोटीतला तो विश्वविक्रम. फॅन्टसीत झेलाला आठ गुण, मग तो स्लिपमध्ये डोळ्याचे पाते लवायच्या आत पकडलेला असो की लाँग ऑनला आयता हातात आलेला. झेलाची अवघडता मोजा, अशी मागणी कुणी केली की पूर्वी ती अशक्य वाटायची. आता चेंडूचा वेग, अंतर आणि क्षेत्ररक्षकाची हालचाल टीव्हीवरच दाखवतात. मोजता येते ते गुणांत का येऊ नये? वाचवलेल्या धावांचेही तेच. पॉइंटला उभा राहून दहा-पंधरा धावा अडवणारा खेळाडू या खेळात जवळजवळ अदृश्य आहे.

रहाणेच्या निमित्ताने आणखी एक गोष्ट निघते. डिसेंबर २०२० मध्ये ॲडलेडला भारताचा डाव ३६ धावांत आटोपला, विराट कोहली मायदेशी परतला आणि कर्णधारपद रहाणेकडे आले. मेलबर्नला त्याने ११२ धावा केल्या, त्याचे गुण मिळाले असतील. पण एकामागून एक गोलंदाज जायबंदी होत असताना नवख्या मुलांना हाताशी धरून १९ जानेवारी २०२१ ला गॅबावर मालिका २-१ अशी जिंकली, त्या नेतृत्वाचा गुण कुठल्या रकान्यात? फॅन्टसीतल्या ‘कर्णधारा’चे गुण दुप्पट होतात ते आपण त्याला निवडले म्हणून, मैदानावरच्या कर्णधाराला त्याच्या अकलेचे काहीच मिळत नाही. संघ जिंकला तर खऱ्या कर्णधाराला थोडे अधिक गुण द्यावेत, ही सूचना मी एकाहून अधिक ठिकाणी ऐकली. अंमलात आणायला ती सोपी आहे.

पदरात पडलेल्या मागणीचे उत्तम उदाहरण इंग्लंडमध्ये आहे. तिथल्या फुटबॉलच्या प्रीमियर लीगचा अधिकृत फॅन्टसी खेळ २००२ पासून चालतो, फुकट आहे आणि एक कोटीहून अधिक लोक खेळतात. गोल करणाऱ्यांची चैन आणि बचाव करणाऱ्यांची उपेक्षा ही तिथलीही जुनी रड. २०२५-२६ च्या हंगामापासून बचावपटूने एका सामन्यात चेंडू हिसकावणे, अडवणे, तोडणे, परतवणे मिळून दहा कृती केल्या की दोन गुण मिळतात. पैसा नसलेला खेळ टिकत नाही, असे आपल्याकडे कंपन्या सांगत आल्या. त्यांनी हे उदाहरण नीट पाहावे. तिथे हंगामभर एकच संघ सांभाळायचा असतो, दर आठवड्याला मोजके बदल करायचे असतात आणि मित्रांच्या छोट्या लीगमध्ये वर्षभर चुरस चालते. आपल्याकडच्या कितीतरी जणांना नेमके हेच हवे आहे : रोजचा नवा डाव नको, आयपीएलचे दोन महिने एकच संघ हवा.

वेळेची तक्रार खेड्यात अधिक बोचते. अंतिम अकरा जाहीर होतात नाणेफेकीला आणि सामना सुरू व्हायला उरतो अर्धा तास. अकोले तालुक्यातल्या डोंगराकडच्या वाड्यांत नेमकी तेव्हाच रेंज जाते किंवा वीज नसते. निवडलेला खेळाडू बाहेर बसला तर संघ दहाचा. २०२३ मध्ये आयपीएलने ‘इम्पॅक्ट प्लेअर’ आणला, तेव्हापासून पहिल्या अकरात नसलेला माणूसही मध्येच येऊन सामना फिरवतो. राखीव खेळाडू आपोआप आत येण्याची सोय त्यानंतर रुळत गेली. तिचा विस्तार करा, आणि कमी डेटात चालणारी, नुसती अक्षरे दाखवणारी आवृत्ती द्या, असे लोक म्हणतात. भाषेचेही सांगतात. आयपीएलचे समालोचन आता मराठीत ऐकू येते. नियम, खुलासे आणि तक्रारीचे उत्तर तितक्याच सोप्या मराठीत यावे, ही अपेक्षा काही मोठी नाही.

आता पैशांचे. तो भाग मी टाळणार नाही, पण लांबवणारही नाही. बावीसमधून अकरा निवडण्याचे ७ लाख ५ हजार ४३२ प्रकार होतात. कर्णधार-उपकर्णधार धरले तर ते पावणेआठ कोटींपुढे जातात. क्रेडिटच्या अटींनी हा आकडा घटतो, तरी प्रचंडच राहतो. चाळीस-पन्नास रुपयांची एक टीम लावणारा शेतमजुराचा मुलगा आणि संगणकावर हिशेब मांडून वीस-वीस संघ उतरवणारा माणूस एकाच मेगा काँटेस्टमध्ये असत. ‘एक माणूस, एक टीम’ ही सर्वांत तळमळीची मागणी इथूनच आली. तिच्या जोडीला दुसरी होती : पैसे घेऊन टीम सांगणारे टेलिग्रामवरचे ‘तज्ज्ञ’ आवरा. दोन्हींकडे पुरेसे लक्ष गेले नाही. ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या रकमेवर २८ टक्के जीएसटी आला, जिंकलेल्यावर ३० टक्के करकपात होतीच. ऑनलाइन पैशांच्या खेळांत लोक वर्षाला २० हजार कोटींवर रक्कम गमावतात, असा सरकारचा अंदाज आहे. नव्या कायद्यात असे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड आहे. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. मला हा कायदा योग्य वाटतो. हप्ते थकलेल्या घरांत या खेळाने काय केले, ते आपल्या गावांना ठाऊक आहे. पैसे होते तोवर प्रत्येक सूचनेकडे हरलेल्याचा कांगावा म्हणून पाहता येत होते. आता तसे पाहता येणार नाही.

दुसरे काही खेळही या चर्चेत येतात. कबड्डीत सुपर टॅकलला अधिक गुण मिळावेत, असे चढाईपेक्षा पकडीवर जीव असलेले सांगतात. कुस्तीची फॅन्टसी कुणी मागत नाही, पण फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरच्या वाडिया पार्कवर महाराष्ट्र केसरीत पंचांच्या निर्णयावरून जे रण पेटले, त्याचा दाखला मुले देतात : गुण का दिला, का कापला, याचे कारण तिथल्या तिथे दाखवा. फॅन्टसीतही गुण सामन्यानंतर बदलतात आणि कारण शोधत बसावे लागते.

सगळ्यांत ओढीने सांगितलेली इच्छा मात्र घराजवळची आहे. महाराष्ट्र प्रीमियर लीग २०२३ मध्ये सुरू झाली. पुणे, नाशिक, कोल्हापूर, रत्नागिरी यांचे संघ तिथे खेळले. झहीर आणि रहाणेच्या जिल्ह्याच्या नावाचा संघ नाही. तो हवा. आणि त्याखाली तालुक्याच्या टेनिस बॉल स्पर्धांची, पैसे न लावता खेळायची फॅन्टसी हवी. हे स्वप्नरंजन नाही. गावच्या स्पर्धांचे धावफलक आता मोबाइलवर चेंडूगणिक भरले जातात, खेळाडूची वर्षभराची आकडेवारी तिथेच साठते. त्यावर गुणांचे कोष्टक बसवणे अवघड काम नाही. धोका सट्ट्याचा आहे. गावच्या सामन्यावर पैसा लागला तर खेळाडूच विकत घेतले जातील, आणि याची भीती सर्वांत आधी खेळणाऱ्यांनीच बोलून दाखवली. म्हणून त्यांची अट आहे की प्रवेश फुकट हवा, एकाला एकच टीम हवी, बक्षीस रोख नसून बॅट किंवा किट असावे आणि धावफलक भरणारा माणूस दोन्ही गावांबाहेरचा असावा. जिल्हा पातळीवरच्या संघटनांनी ही अट जशीच्या तशी उचलून हिवाळ्यातल्या एखाद्या स्पर्धेत वापरून पाहावी. नोव्हेंबरात ऊसतोड सुरू होते, त्याच सुमारास मैदाने आखली जातात.