पुन्हा अर्धं तिकीट

एसटीचं अर्धं तिकीट माणसाच्या वाट्याला आयुष्यात दोनदा येतं. एकदा पाच ते बारा वर्षांच्या दरम्यान आणि दुसऱ्यांदा पासष्टी गाठल्यावर. पहिल्या वेळी वय कमी करून सांगण्याकडे घरच्यांचा कल असतो. ‘बारावं लागायचंय अजून’ असं आई कंडक्टरला बजावत असते आणि आपण पाय पोटाशी घेऊन शक्य तितके लहान दिसायच्या खटपटीत असतो. दुसऱ्या वेळी मात्र वय वाढल्याचा पुरावा खिशातून काढून दाखवावा लागतो. नुसत्या पांढऱ्या केसांवर भागत नाही.

१ जून २०२४, शनिवार. सकाळच्या गाडीला सातारा स्टँडवर आम्ही अकरा जण चढलो. तिघांनी आपापल्या मोटारी साताऱ्यातच सोडल्या होत्या. त्या दिवशी आम्ही पासष्ट वर्षांचे झालो होतो, आणि पासष्टी साजरी करायची ती गावाकडे, एसटीनं, अर्ध्या तिकिटावर, असं ठरलं होतं. वर्गातल्या तिघी जणी मात्र आम्हाला हसत होत्या. महिलांना मार्च २०२३ पासूनच अर्धं तिकीट लागू झालं असल्यामुळे त्यांना या गोष्टीचं अप्रूप उरलं नव्हतं.

कंडक्टर तरुण होता. एकेकाचं कार्ड बघत तो पुढं सरकला आणि पाचव्या कार्डाशी थबकला. “काका, सगळ्यांचा जन्म एक जून एकोणसाठ? एका आईची लेकरं का काय?”

“एका गुरुजींची,” आमचा जुना मॉनिटर म्हणाला, आणि सगळी गाडी हसली.

ज्यांचं बालपण खेड्यात गेलं त्यांना हा विनोद समजावून सांगायला नको. शाळा जूनमध्ये सुरू व्हायच्या. मूल दाखल करायला आलेल्या बापाला जन्मतारीख विचारली तर तो म्हणायचा, “मोठ्या पावसात झाला”, नाही तर “थोरल्या बैलाच्या साली.” गुरुजी मुलाला उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धरायला सांगायचे. कान हाताला लागला की सहा वर्षं पूर्ण. मग दौतीत टाक बुडवून गुरुजी लिहायचे : १ जून, आणि मागं सहा वर्षं मोजून साल. माझी आई शेवटपर्यंत सांगत राहिली, की मी बेंदराच्या आदल्या दिवशी झालो. बैलांची शिंगं रंगवायची राहिली म्हणून वडील वैतागले होते म्हणे. पण आईच्या बेंदराला कचेरीत किंमत नाही. माझी नोकरी लागली ती गुरुजींच्या तारखेवर आणि संपली तीही त्याच तारखेच्या हिशोबानं, ३१ मे २०१९ ला. महाराष्ट्रात दरवर्षी ३१ मे रोजी सरकारी कचेऱ्यांतून आणि शाळांतून नारळ-शालींची एवढी झुंबड का उडते, त्याचं उत्तर त्या दौतीत आहे.

बँकेत असताना या तारखेनं माझी पुष्कळ करमणूक केली. एक जूनला साठ पूर्ण केलेले खातेदार ठेवींवरचं ज्येष्ठांचं जादा अर्धा टक्का व्याज मागायला रांगेत उभे राहत. मी प्रत्येकाला “वाढदिवसाच्या शुभेच्छा” म्हणायचो. त्यावर एका आजोबांनी मला विचारलं होतं, “कुणाच्या?”

आमच्या वर्गाची गाठभेट सुरू झाली ती २०१९ सालीच. निवृत्तीनंतर हाताला काम नव्हतं. मॉनिटरनं फोन नंबर जमवले, मोबाइलवर गट काढला आणि त्याला नाव दिलं : ‘एसएससी १९७५’. त्या नावाचा आम्हाला अभिमान होता. दहावीच्या नव्या अभ्यासक्रमाची आमची पहिली तुकडी. त्याच वर्षी जुन्या अकरावीचीही शेवटची नियमित तुकडी एसएससीला बसली होती, त्यामुळे एकाच उन्हाळ्यात दोन वर्ग मॅट्रिक झाले. अकरावीवाले आम्हाला ‘कच्चे मॅट्रिक’ म्हणायचे. तो राग अजून गेलेला नाही.

साठीला जमलो तेव्हा दिवसभर नुसता कल्लोळ होता. शनिवारची सकाळची शाळा, शेणानं सारवलेल्या वर्गात उमटलेली पावलं, पावकी-निमकीपासून औटकीपर्यंतचे पाढे, कवायतीत नेहमी उलटा वळणारा एक जण. गणिताच्या सरांची छडी वेताची की निरगुडीची यावर दोन आजोबा हमरीतुमरीवर आले. मजा अशी, की ती छडी दोघांनीही खाल्ली होती. घरी बायको-मुलांना ज्या गोष्टी शंभरदा सांगून झाल्या, त्या इथं पुन्हा पहिल्यांदा सांगता येत होत्या. आपण साहेब, आजोबा, पेन्शनर व्हायच्या आधी कोण होतो, हे माहीत असलेली माणसं जगात थोडी उरतात. करोनाच्या दोन वर्षांत त्यातले दोघे गेले आणि उरलेले एकमेकांना जास्तच धरून राहिले.

तर, गाडी पुसेगावला थांबली. तिथं एक गृहस्थ चढले. डोक्याला मुंडासं, हातात बाजरीच्या बियाण्याची पिशवी. त्यांनी कंडक्टरला पैसे दिले आणि पूर्ण तिकीट घेतलं. जागा नव्हती म्हणून माझ्या बाकाला टेकून उभे राहिले. जरा वेळानं माझ्याकडं निरखून बघत म्हणाले, “तू आमच्या बाकावरचा न्हवं? कचेरीतल्या शिपायाचा?”

मी ओळखलं नाही. त्यांनी नाव सांगितलं आणि मग एकदम सगळा चेहराच त्या सुरकुत्यांतून वर आला. पाचवी ते आठवी, साडेतीन वर्षं आम्ही एका बाकावर बसलो होतो. माझ्या फुटक्या पाटीला त्यानं तारेनं शिवण घातली होती.

“अरे, तू पूर्ण तिकीट का काढलंस?” मॉनिटरनं विचारलं. “तू काय अजून तरुण आहेस?”

त्यानं हसून बंडीच्या खिशातून आधार कार्ड काढलं. जन्मतारीख : १ जानेवारी १९६२. गावात आधारचं शिबिर लागलं तेव्हा त्याला वय विचारलं होतं. “आसंल पन्नास,” तो म्हणाला. जन्मतारीख ठाऊक नसली की अंदाजानं साल धरून एक जानेवारी टाकतात, तशी पडली. गुरुजींचा एक जून त्याच्याजवळ कागदावर कुठंच नव्हता. म्हणजे एकाच बाकावरची दोन मुलं : एक पासष्ट वर्षांचं आणि दुसरं बासष्टचं.

“चल आमच्याबरोबर. आज सगळ्यांचा वाढदिवस आहे,” एकीनं आग्रह केला.

“नको. तुमचा दहावीचा कार्यक्रम हाय. मी आठवीतला,” तो म्हणाला. रागानं नव्हे. आपला फलाट वेगळा आहे हे सांगावं तितक्या साधेपणानं. फाट्यावर आमच्याबरोबरच उतरला, पेरणीची तयारी करायचीय म्हणाला आणि बांधाबांधानं निघून गेला.

आमचं जेवण गावाबाहेरच्या पाझर तलावाच्या भरावावर होतं. जुनी बाभूळ, वारा, भाकरी, खर्डा, वांग्याचं भरीत आणि साताऱ्याहून आणलेला केक. तिघींनी आम्हाला ओळीनं बसवून औक्षण केलं. निरांजन माझ्यासमोर आलं आणि मी कशावर बसलोय ते माझ्या ध्यानात आलं.

१९७२ साली आम्ही आठवीत गेलो आणि पाऊस आलाच नाही. माण तालुक्याला दुष्काळ नवा नाही, पण तो साऱ्या महाराष्ट्राचा दुष्काळ होता. अमेरिकेतून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी, कामावर वाटली जाणारी सुकडी, खडीचे ढीग. लोक जगावेत म्हणून सरकारनं ठिकठिकाणी कामं काढली : रस्ते, नालाबांध, पाझर तलाव. त्याच अनुभवातून १९७७ साली महाराष्ट्रानं रोजगार हमीचा कायदा केला, हे मी नंतर बँकेच्या परीक्षेसाठी पाठ केलं. पण हा तलाव त्या वर्षी आमच्या वर्गातल्या मुलांनी, त्यांच्या आया-बापांबरोबर खणला, हे मला पाठ करावं लागलं नव्हतं. मी ते पाहिलं होतं.

माझे वडील तालुक्याच्या कचेरीत शिपाई. पगार लहान, पण महिन्याच्या महिन्याला. म्हणून मी शाळेत राहिलो. शाळेची वाट या कामावरून जायची. एका सकाळी माझा शेजारी डोक्यावर मातीची पाटी घेऊन समोरून आला. त्यानं मला हाक मारली. माझ्या अंगात धुतलेला सदरा होता. मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी ऐकू आलं नाही असं दाखवून चालू लागलो. दुसऱ्या दिवसापासून लांबच्या वाटेनं जाऊ लागलो. कादंबऱ्या लिहिताना माणसांची अनेक पापं मी कल्पनेनं रंगवली. हे एक तेवढं कधी लिहिलं नाही.

केक मला गोड लागला नाही.

शाळा उघडल्यावर मी पुन्हा गावी गेलो. नोकरीत मी कितीतरी जणांना ‘आधी दाखला आणा’ म्हणून परत पाठवलं होतं. निदान एक दाखला आपण आणावा, असं वाटलं. त्याची सही घेतलेला अर्ज बरोबर होता. मुख्याध्यापिकाबाई भल्या. त्यांनी कपाटातून १९६९ सालचं जनरल रजिस्टर काढलं. कापडी बांधणी, कडा वाळवीनं खाल्लेल्या. पान उघडलं आणि आमचा पाचवीचा वर्ग समोर उभा राहिला. नाव, जात, जन्मगाव, आणि जन्मतारखेच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एक जून, एक जून, एक जून.

मी शेवटच्या रकान्याकडं गेलो. शाळा सोडल्याचं कारण. माझ्या नावापुढं ‘एसएससी उत्तीर्ण’. त्याच्या नावापुढं ‘सतत गैरहजर’. खाली आणखी एक ‘सतत गैरहजर’. मग पुन्हा. मोजले तर त्या एका वर्षात तेरा. त्यांतल्या आठ मुली. हजेरी घेणाऱ्याची काही चूक नव्हती, रकान्यात दुसरं काय लिहिणार? पण ती मुलं गैरहजर नव्हती हो. ती शाळेपासून हाकेच्या अंतरावर हजर होती. तिथं त्यांची वेगळी हजेरी लागत होती.

आणि आमचा ‘एसएससी १९७५’ गट! पाच वर्षं आम्ही आठवणी उगाळत बसलो, त्यांत या तेरा जणांचं नाव कुणी काढलं नाही. परीक्षेनं जी चाळण लावली, तीच आम्ही मैत्रीलाही लावली होती.

उतारा घेऊन मी त्याच्या घरी गेलो. त्यानं चष्मा लावून तो सावकाश वाचला, आपल्या नावावरून बोट फिरवलं. मी त्याला दुरुस्ती, केंद्र, अर्ज, अर्ध्या तिकिटाची बचत असं बँकेच्या भाषेत सांगत होतो. त्यानं मला मध्येच थांबवलं. “ते बघू रं. पर माझं नाव हाय न्हवं तिथं? तू डोळ्यांनी बघितलंस?”

“बघितलं. माझ्याखाली तिसरं.”

मग मी त्या सकाळच्या हाकेची गोष्ट काढली. पन्नासहून जास्त वर्षं ती माझ्या घशात अडकली होती. तो ऐकत राहिला आणि म्हणाला, “मला न्हाय आठवत. त्या सालात कुणाकुणाला हाका मारल्या, सगळं कुठं ध्यानात ऱ्हातंय?” त्याला खरोखर आठवत नव्हतं की मला सोडवायला तो तसं म्हणाला, ते मी विचारलं नाही. त्याच्या बायकोनं चहा आणला.

गटाचं नाव आता ‘पाचवी १९६९’ आहे. तेरांपैकी चौघे सापडले. तिघांचं निधन झाल्याचं कळलं. मुंबईला दिलेल्या एका बाईंनी फोनवर विचारलं, “एवढ्या वर्षांनी कशाला?” आणि फोन ठेवला. तो प्रश्न रास्त होता. बाकीच्यांचा पत्ता अजून लागायचा आहे. १ जून २०२५ च्या रविवारी, मॅट्रिक होऊन पन्नास वर्षं झाली म्हणून, आम्ही पुन्हा त्याच भरावावर जमलो. पण मॅट्रिकचा विषय फारसा निघाला नाही. चौघांतल्या एका आजींनी आम्हाला हिंडून दाखवलं, की कुठल्या टोळीनं कुठवर माती टाकली. “हितं माझ्या आईची पाटी रिकामी व्हायची,” त्या म्हणाल्या. आम्ही त्या जागेवर पंगत बसवली नाही. जरा सरकून बसलो.

वाचकहो, तुमच्याही वर्गाचा असा एखादा गट असेल. कुणाची साठी, कुणाची पंचाहत्तरी जवळ आली असेल, हॉल आणि केटरर ठरत असेल. सवड काढून एकदा शाळेत जा आणि रजिस्टर बघायला मागा. आपल्या नावाच्या वरची आणि खालची नावं वाचा.

माझ्या शेजाऱ्याच्या कार्डाची दुरुस्ती तीन हेलपाट्यांनी झाली. परवा त्याला घेऊन साताऱ्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. मी सवयीनं “दोन अर्धी” म्हणालो. कंडक्टरनं कार्डं बघितली, दोन्हींवर एकच तारीख. त्यानं आपलं तिकीट उलटसुलट करून पाहिलं आणि घडी घालून बंडीच्या आतल्या खिशात ठेवलं. डॉक्टर त्याला बघून झाले, आम्ही परतीच्या गाडीत बसलो, तरी त्यानं ते टाकलं नव्हतं.