विश्लेषण : श्वानाच्या मेंदूवरील शस्त्रक्रियेनंतर काय होते?

पाळीव श्वानाच्या मेंदूत गाठ असल्याचे एमआरआयमध्ये दिसले की घरच्यांचे सारे लक्ष शस्त्रक्रियेकडे लागते. प्रत्यक्षात गाठ काढणे हा उपचाराचा एक टप्पा असतो. श्वान कितपत सावरेल, हे पुढच्या काही दिवसांतील देखरेखीवर आणि घरच्या शुश्रूषेवरही ठरते.

गाठ पूर्ण निघते का?

श्वानांच्या मेंदूत सर्वाधिक आढळणारी गाठ म्हणजे मेनिंजिओमा. ती मेंदूच्या आवरणातून वाढते आणि बहुधा उतारवयात दिसते. वयस्कर श्वानाला पहिल्यांदाच आकडी येणे, हे तिचे नेहमीचे लक्षण. मांजरांमध्ये ही गाठ सहसा सुटी करून काढता येते. श्वानांमध्ये मात्र ती अनेकदा मेंदूच्या पेशींत शिरलेली असते आणि तिचा काही अंश मागे राहू शकतो. म्हणूनच शस्त्रक्रियेनंतर रेडिएशनचा सल्ला दिला जातो.

पहिले काही दिवस नाजूक का?

शस्त्रक्रियेनंतर मेंदूला सूज येऊ शकते किंवा रक्तस्राव होऊ शकतो. कवटी ताणली जात नसल्याने आतला दाब वाढतो. रक्तदाब वाढून हृदयाचे ठोके मंदावणे, डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या होणे, गुंगी वाढणे ही त्याची धोक्याची चिन्हे. शुद्धीची पातळी ३ ते १८ गुणांच्या मोजपट्टीवर वारंवार नोंदवली जाते. श्वानाचे डोके व मान १५ ते ३० अंश उंच ठेवतात आणि मानेवर दाब येऊ देत नाहीत. तेथील शिरा दबल्या तर मेंदूतील रक्त परत फिरण्यास अडथळा येतो. गरजेनुसार मॅनिटॉलसारखी औषधे शिरेतून दिली जातात.

फुफ्फुसांना धोका कसा?

अर्धवट शुद्धीत गिळण्याची क्रिया मंदावलेली असते. उलटी किंवा अन्न श्वासनलिकेत गेल्यास न्यूमोनिया होतो आणि तो जिवावर बेतू शकतो. त्यामुळे पूर्ण शुद्ध येऊन गिळता येते याची खात्री झाल्यावरच, छातीवर बसवून, थोडे थोडे खाऊ घातले जाते. पडून असलेल्या श्वानाची कूस दर काही तासांनी बदलतात.

घरी कोणती काळजी घ्यावी?

गळ्यातील पट्ट्याऐवजी छातीचा हार्नेस वापरावा. घसरत्या फरशीवर सतरंजी अंथरावी, जिना बंद ठेवावा आणि श्वानाला जखम खाजवू देऊ नये. स्टेरॉइडमुळे भूक, तहान आणि लघवीचे प्रमाण वाढते. श्वान घरात लघवी करू लागला तर तो औषधाचा परिणाम असू शकतो, त्याला रागावू नये. स्टेरॉइड किंवा आकडीचे औषध अचानक बंद करणे घातक ठरते. स्टेरॉइड सुरू असताना स्वतःच्या मनाने वेदनाशामक गोळी देऊ नये. पोटात व्रण होऊन रक्तस्राव होऊ शकतो.

तातडीने दवाखान्यात कधी न्यावे?

आकडी पाच मिनिटांपेक्षा अधिक काळ टिकली किंवा २४ तासांत दोन वा अधिक वेळा आली तर वाट पाहू नये. जलद श्वास, खोकला, ताप, जखमेतून स्राव, वाढती सुस्ती याही तक्रारी तत्काळ कळवाव्यात. आकडी सुरू असताना तोंडात हात, चमचा किंवा पाणी घालू नये.

श्वान पूर्ववत होतो का?

सुरुवातीला तोल जाणे, एकाच दिशेने गोल फिरणे, एका बाजूचे कमी दिसणे ही लक्षणे शस्त्रक्रियेपूर्वीपेक्षा वाढलेली वाटू शकतात. सूज उतरल्यावर अनेक श्वानांत ती काही आठवड्यांत कमी होतात. काहींत ती कायम राहतात. आकडीचे औषध दीर्घकाळ, अनेकदा आयुष्यभर, द्यावे लागते. गाठ पुन्हा वाढण्याची शक्यताही उरते. त्यामुळे संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी शस्त्रक्रियेच्या खर्चाबरोबरच रात्रीच्या देखरेखीची सोय, रेडिएशनची उपलब्धता आणि घरी श्वानाजवळ कोण थांबणार, हे प्रश्न पशुवैद्यकांशी आणि घरात बोलून घेणे गरजेचे आहे.