लाजेपोटी खिसा रिकामा

हर्सूलच्या कामकरी वस्त्यांत अनेक घरांत मोबाईल एक आणि हात चार. त्यावर ‘प्रौढांसाठी गेम, फक्त १ रुपयात’ अशी जाहिरात येते. रुपयासाठी टाकलेल्या पिननेच दरमहा पैसे कापण्याची परवानगी, म्हणजे ऑटोपे, दिली जाऊ शकते. २०२० साली आलेली ही सोय वीजबिलासारख्या कामांसाठी. ठगांनीही ती हेरली. गेम पुसला तरी कपात थांबत नाही. यूपीआय ॲपमध्ये ‘ऑटोपे’ उघडून परवानगी रद्द करावी लागते.

ठगांची खरी भिस्त आपल्या लाजेवर, असे आम्हाला वाटते. पोरगा बापाला सांगत नाही, बाप बायकोला. मग ‘पैसे परत करतो, पिन टाका’ असा फोन येतो. अहो, पैसे घ्यायला पिन लागतच नाही! बँकेला कळवा, १९३० वर लगेच तक्रार नोंदवा. पोराला रागवायचे ते नंतर.