घरी उघडलेले इंजिन आणि टॅपिटची टकटक

आमच्या कारागीर बांधवांपैकी पुष्कळांची रोजी मोटारसायकलच्या गॅरेजवर चालते. एखादे गिऱ्हाईक येते आणि सांगते, "उस्ताद, घरीच हेड उतरवून गास्केट बदलले. गाडी सुरू झाली, पण वरून टकटक येते." अशा वेळी लगेच "इंजिन खोलावे लागेल" असे सांगणारे मिस्त्री कमी नाहीत. आमचे म्हणणे असे की, आधी ऐकावे, मग मोजावे; खोलणे सर्वांत शेवटी.

उदाहरणादाखल १९८५ साली आलेली हिरो होंडा सीडी १०० घेऊ. आजही गावोगावी ती दिसते.

पहिली गोष्ट, गिऱ्हाइकाने नेमके काय काय उघडले ते विचारावे आणि ऑइलची पातळी पाहावी. मग कान द्यावा. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची एक फेरी होते. म्हणजे इंजिन मिनिटाला १४०० फेऱ्यांवर असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह ७०० वेळा उघडतो. म्हणून टॅपिटचा आवाज हलका, एकसारखा आणि इंजिनच्या निम्म्या गतीचा असतो. खालून जड ठोका येत असेल तर दुखणे वेगळे. डाव्या बाजूने खरखर येत असेल तर टायमिंग चेन व तिचा टेन्शनर पाहावा. सायलेन्सरच्या तोंडाशी गास्केट नीट बसले नसेल तरीही अशीच टिकटिक होते, आणि हेड उतरवल्यावर ही चूक हमखास होते. लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक इंजिनला व मूठ कानाला लावली की जागा कळते.

दुसरी गोष्ट, माप. इंजिन पूर्ण थंड हवे. डावीकडची झाकणे काढून फ्लायव्हीलची 'टी' खूण जुळवावी. दोन्ही रॉकर किंचित हलले पाहिजेत. हलत नसतील तर पिस्टन कॉम्प्रेशनवर नाही. आणखी एक पूर्ण फेरी द्यावी. सीडी १०० साठी दोन्ही व्हॉल्व्हचे अंतर ०.०५ मि.मी. असते. इतर गाड्यांसाठी त्या त्या मॉडेलचेच माप घ्यावे. फिलर गेजची पट्टी हलकी घासत जावी. लॉकनट आवळताना स्क्रूही फिरतो, म्हणून तो धरून ठेवावा आणि आवळल्यावर पुन्हा मोजावे. घरच्या कामात हे दुसऱ्यांदा मोजणेच राहून जाते.

माप बरोबर असूनही आवाज येत असेल तर रॉकरचे टोक पाहावे. तिथे खड्डा पडला असेल तर पट्टी खड्ड्यावरून जाते आणि खरे अंतर जास्त असूनही बरोबर वाटते. रॉकर कोरडे दिसले तर ऑइलची वाट तपासावी. गास्केटला लावलेला जादा पेस्ट त्या वाटेत जाऊन बसतो आणि मग कॅम व रॉकर झिजू लागतात. अशी गाडी चालवत राहू नये.

आता महत्त्वाचा इशारा. आवाज बंद करण्यासाठी टॅपिट घट्ट करणे सर्वांत सोपे, आणि सर्वांत घातक. व्हॉल्व्ह पुरता बंद होत नाही, कॉम्प्रेशन जाते आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो. गिऱ्हाईक खूश होऊन जाते, पण काही दिवसांनी मोठा खर्च घेऊन परत येते, किंवा आपल्याकडे परत येतच नाही.

बांधवांनो, फिलर गेज हा आपला तराजू आहे. गिऱ्हाइकाची गाडी ही आपल्या हाती दिलेली अमानत. टॅपिट सेट करून काम भागत असेल तर तेवढीच मजुरी घ्यावी. भाग बदलला तर जुना भाग दाखवून हाती द्यावा. घरी हात घातला म्हणून कुणाला रागावू नये. कुठे चुकले ते समजावून सांगावे. असे गिऱ्हाईक पुढच्या वेळी चारजणांना घेऊन येते. रोजीची बरकत ती हीच.