मॅगझिनच्या नळीत काडतुसं किती? शॉटगनच्या खेळाबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

देवणी-उदगीर पट्ट्यात बंदुकीचा विषय निघाला की दोन चित्रं समोर येतात. एक जुन्या वाड्यातलं, पेटीत कापडात गुंडाळून ठेवलेल्या आजोबांच्या दुनळीचं. दुसरं मोबाईलवरचं. अमेरिकेतल्या कुठल्यातरी मैदानात कानाला संरक्षक लावलेला एक गडी पळत पळत शॉटगन चालवतो, कमरेच्या पट्ट्यातून एका मुठीत चार काडतुसं उपसून बंदुकीच्या पोटात ढकलतो आणि लोखंडी पाट्या एकामागून एक आडव्या करतो. या खेळाला मल्टि-गन म्हणतात. रायफल, पिस्तूल आणि शॉटगन अशी तिन्ही हत्यारं एकाच स्पर्धेत वापरायची आणि वेळ घड्याळावर मोजायची. हे पाहणाऱ्या तरुण पोरांचा पहिला प्रश्न असतो, "ह्यात काडतुसं बसतात किती?" प्रश्न योग्यच आहे. पण त्याची जी उत्तरं गावात फिरतात त्यातली बरीचशी चुकीची आहेत, आणि एक तर जिवावर बेतणारं आहे.

पुढे गोंधळ नको म्हणून आधीच सांगतो. ज्यातून छर्रे बाहेर पडतात तिला इथे बॅरल म्हटलं आहे, आणि बॅरलच्या खाली समांतर असते, ज्यात काडतुसं एकामागे एक भरतात, ती मॅगझिनची नळी.

"बारा बोअर म्हणजे बारा काडतुसांची बंदूक."

हा आकडा बॅरलच्या तोंडाचा आहे, साठवणुकीचा नाही. एक पौंड शिशाचे बारा सारखे गोळे केले तर त्यातला एक गोळा ज्या बॅरलमध्ये बरोबर बसेल ती बारा बोअर. तिचा आतला व्यास साधारण 18.5 मिलिमीटर भरतो. म्हणून वीस बोअर ही बारा बोअरपेक्षा बारीक असते. आजोबांची दुनळी बारा बोअरचीच, पण तिच्यात काडतुसं बसतात दोन.

"काडतुसावर 70 लिहिलंय, म्हणजे ते 70 मिलिमीटर लांब."

जिवावर बेतणारा गैरसमज तो हाच, म्हणून इथे जरा थांबू.

बारा बोअरच्या काडतुसाचं तोंड चुण्या घालून मिटवलेलं असतं. बार उडाला की ते उघडतं. 65, 70 किंवा 76 हा आकडा त्या उघडलेल्या, म्हणजे उडालेल्या टरफलाच्या लांबीचा असतो. न उडालेलं 70 चं काडतूस मोजलं तर साधारण 58 मिलिमीटर भरतं. आता जुनी दुनळी घ्या. अशा अनेक बंदुकांचं चेंबर, म्हणजे बॅरलच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं तो खण, 65 मिलिमीटरचा असतो. त्यात 70 चं काडतूस अडखळल्याशिवाय आत जातं, बंदूकही बंद होते. घरातल्याला वाटतं, बसलं म्हणजे चालतं. पण चाप ओढल्यावर टरफलाचं तोंड उघडायला जागा उरत नाही. ते चेंबरपुढच्या अरुंद भागात घुसतं आणि छर्‍यांची वाट आवळली जाते. आतला दाब बंदुकीच्या सोसण्यापलीकडे जाऊ शकतो. जुनी बॅरल फुगते, कधी फाटते, आणि ती ज्या ठिकाणी फाटते तिथून डावा हात फार लांब नसतो.

हे तपासायला यंत्र लागत नाही. बंदूक रिकामी असल्याची दोनदा खात्री करा, पुढचा लाकडी हात काढा आणि बॅरलची खालची बाजू उजेडात धरा. तिथे ठसे असतात. अडीच इंच किंवा 65 असं असेल तर 70 चं काडतूस त्या बंदुकीत कधीही घालायचं नाही. पावणेतीन इंच किंवा 70 असेल तर ते चालतं. ठसा झिजला असेल तर अंदाज नको, परवानाधारक बंदूक-दुरुस्तीवाल्याकडून चेंबर मोजून घ्या. आपल्याकडे काडतुसाच्या पितळी बुडावर केएफ हा ठसा पुष्कळांनी पाहिलेला असतो. तो पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याचा. हा कारखाना 1869 पासूनचा आहे. पण तो ठसा काडतूस कुठे बनलं ते सांगतो. ते तुमच्या बंदुकीत बसतं की नाही, हे बंदुकीवरचाच ठसा सांगेल.

स्पर्धेच्या शॉटगनची नळी निवडतानाही हेच माप कामाला येतं. नळीची लांबी भागिले 58 असा हिशेब करून खूश होणारे पुष्कळ भेटतात. पण नळीत काडतुसांखेरीज पूर्ण दबलेली स्प्रिंग असते आणि काडतुसांना मागे रेटणारी टोपीही असते. दोघी मिळून काही सेंटिमीटर खातात. नऊ काडतुसांचे 52 सेंटिमीटर, वर स्प्रिंग आणि टोपी धरली की 24 इंची बॅरलखाली नऊ-दहा काडतुसं एवढाच हिशेब बसतो. शिवाय प्रत्येक कंपनीचं काडतूस मिलिमीटर-दोन मिलिमीटरने लहानमोठं असतं. एकाच्या काडतुसांनी दहा मावतात, दुसऱ्याची नऊच बसतात आणि दहावं अर्धवट अडकतं. म्हणून स्पर्धेत जे काडतूस वापरायचं तेच भरून मोजायचं. पावणेदोन इंचांची बुटकी काडतुसं घेऊन संख्या वाढवायचा सल्ला काही जण देतात. बंदूक ज्या लांबीच्या काडतुसासाठी घडवली आहे त्यापेक्षा ते इतकं लहान असलं की पुष्कळ बंदुकांत ते वर उचललं जाताना उलटतं आणि सगळं अडकून बसतं. स्पर्धेत त्यांच्या नादी लागू नये.

"नळी जितकी लांब तितका खेळाडू पुढे."

मल्टि-गनच्या बहुतेक गटांत सुरुवातीला किती काडतुसं भरायची हे नियमच ठरवतात. अमेरिकेतल्या यूएसपीएसए संघटनेच्या टॅक्टिकल गटात घंटा वाजताना शॉटगनमध्ये एकूण नऊ असतात. त्यात चेंबरमधलं एक धरलेलं असतं. चेंबर आणि नळीच्या मध्ये उचलपट्टीवर गुपचूप एक जादा काडतूस ठेवायची युक्ती आहे, पण नियम मोजतो ते बंदुकीतलं एकूण एक. ओपन गटात ही मर्यादा नसते, तिथे पेटीसारखी मॅगझिनही चालते. तो गट पैसेवाल्यांचा आणि अनुभवींचा.

मग नऊच भरायची असतील तर बारा मावणारी नळी कशाला? घंटा वाजल्यानंतर मर्यादा सुटते म्हणून. एका फेरीत वीसहून जास्त पाट्याही पाडायच्या असू शकतात. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पळताना खेळाडू काडतुसं भरत जातो, आणि नळी मोठी असेल तर त्याच पळण्यात बाराही भरून घेतो. पुढच्या ठिकाणी मग भरण्यासाठी उभं राहावं लागत नाही. लांब नळीचा खरा फायदा एवढाच, कधी भरायचं हे ठरवायला थोडी मोकळीक मिळते. ज्याला भरताच येत नाही त्याला ती मोकळीक काही देत नाही.

तोटे मात्र पहिल्या दिवसापासून जाणवतात. एक काडतूस साधारण 40 ग्रॅमचं. बारा म्हणजे जवळपास अर्धा किलो वजन, आणि तेही धरणाऱ्या हाताच्या पुढे. बंदूक एका पाटीवरून दुसरीवर वळवताना आधी रेंगाळते, मग थांबायच्या जागी थांबत नाही. शिवाय प्रत्येक बार उडाला की हे वजन कमी होतं, म्हणजे पहिल्या आणि दहाव्या बाराला हातातली बंदूक वेगवेगळी लागते. देवणी बैल घेताना नुसती शिंगं बघून कुणी पैसे मोजत नाही, चार पावलं चालवून बघतात. शॉटगनही भरलेल्या नळीनिशी खांद्याला लावून, डावी-उजवीकडे फिरवूनच घ्यायची.

आणखी दोन गोष्टी दुकानदार सहसा सांगत नाहीत. नळी बॅरलच्या तोंडापुढे जाता कामा नये. बॅरलमधून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूचा मार तिच्यावर बसतो. आणि नळी लांबवली की स्प्रिंगही तिच्या मापाची हवी. जुनी आखूड स्प्रिंग ठेवली तर पहिली सात-आठ काडतुसं नीट येतात, शेवटचं मागे सरकत नाही आणि रिकाम्या चेंबरवर चाप ओढला जातो. त्यात गेलेले दोन-तीन सेकंद जादा काडतुसांनी भरून निघत नाहीत.

नवख्याने मल्टि-गनसाठी 21 ते 24 इंची बॅरल आणि तिच्याबरोबर संपणारी आठ-नऊ काडतुसांची नळी घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. उरलेला पैसा काडतूस भरायचं तोंड रुंद करून घेण्यात, कमरेच्या पट्ट्यात आणि नकली काडतुसांनी भरण्याच्या सरावात घालावा. मुरलेला खेळाडू चार-चारच्या दोन मुठीत आठ काडतुसं काही सेकंदांत भरतो. ते सरावाने येतं, विकत मिळत नाही.

"ऑलिम्पिकमध्येही असंच भरून भरून मारतात."

मल्टि-गन ऑलिम्पिकमध्ये नाही, आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या प्रकारांतही नाही. तिथे शॉटगनचे खेळ ट्रॅप आणि स्कीट. आकाशात उडवलेली 110 मिलिमीटर व्यासाची मातीची तबकडी छर्‍यांनी फोडायची. ट्रॅपच्या प्राथमिक फेरीत एका तबकडीला दोन बार मिळतात, अंतिम फेरीत एकच. स्कीटला तर प्रत्येक तबकडीला एकच. काडतुसातले छर्रे 24 ग्रॅमपेक्षा जास्त चालत नाहीत. पंप ॲक्शन बंदुकीला मनाई आहे. सेमी-ऑटोमॅटिक चालते, पण तिच्या मॅगझिनमध्ये एकावर दुसरं काडतूस जाऊच नये असा अडसर बसवावा लागतो. ज्या नळीसाठी तिकडे एवढी चर्चा, ती इथे मुद्दाम बंद करून ठेवतात! म्हणून जवळपास सगळेच खेळाडू दुनळी वापरतात, फक्त तिच्या बॅरली एकमेकींच्या शेजारी नसून वर-खाली असतात.

राज्यवर्धन राठोड यांनी 2004 साली अथेन्सला, तेव्हा ऑलिम्पिकमध्ये असलेल्या डबल ट्रॅपमध्ये, रौप्य जिंकलं. स्वतंत्र भारताचं ते ऑलिम्पिकमधलं पहिलं वैयक्तिक रौप्य. त्या प्रकारात दोन तबकड्या एकदम उडतात आणि हातात असतात दोनच काडतुसं. 2024 ला पॅरिसमध्ये माहेश्वरी चौहान आणि अनंतजीतसिंग नरुका यांचं स्कीट मिश्र सांघिक कांस्य चीनविरुद्ध 43-44 असं, एका तबकडीने हुकलं. स्कीटमध्ये राखीव काडतूस नसतं.

"परवाना एकदा मिळाला की हवी ती बंदूक घ्या, हवी तशी करून घ्या."

भारतात 1959 चा शस्त्र कायदा आणि 2016 चे शस्त्र नियम लागू आहेत. 2019 च्या दुरुस्तीनंतर साधारण परवानाधारकाला दोनच अग्निशस्त्रं ठेवता येतात आणि परवाना पाच वर्षांचा असतो. नामवंत आणि पदकविजेत्या नेमबाजांना जादा शस्त्रांची सवलत आहे, पण ती कामगिरी दाखवून मिळते. परवान्यासाठी वयाची 21 वर्षं पूर्ण लागतात. सेमी-ऑटोमॅटिक शॉटगन आणि 20 इंचांपेक्षा आखूड बॅरलच्या छर्‍याच्या बंदुका निर्बंधित वर्गात मोडतात, जिल्ह्याच्या नेहमीच्या परवान्यावर त्या येत नाहीत. मोबाईलवर दिसणाऱ्या बहुतेक मल्टि-गन शॉटगन सेमी-ऑटोमॅटिकच असतात, हे इथे लक्षात घ्यायला हवं. गावच्या लेथवर नळी लांबवून घेणं, बॅरल कापणं हा गुन्हा आहे. शस्त्राच्या भागांनाही कायदा शस्त्रच मानतो. आणि परवानाधारक वारला की पेटीतली दुनळी आपोआप मुलाची होत नाही. वारसाला स्वतःच्या नावाने परवाना मागावा लागतो.

"नेमबाजी शिकायची तर आधी बंदूक विकत घ्या."

या गैरसमजाने आपल्या भागातली किती पोरं खेळाच्या दारातूनच परत गेली असतील, याची मला खंत वाटते. ट्रॅपच्या एका स्पर्धेत प्राथमिक फेरीच 125 तबकड्यांची, प्रत्येकीला दोन बार धरले तर 250 काडतुसं. शिवाय छर्रे पडायला पुढे अडीच-तीनशे मीटर मोकळं रान हवं. हा खर्च देवणीच्या कोरडवाहू शेतकऱ्याने मुलासाठी सुरुवातीलाच करावा, असं कुणीही सांगू नये.

सुरुवात एअर रायफलने होते. 4.5 मिलिमीटर बोअरची आणि 20 ज्यूलपर्यंत ताकदीची हवेची बंदूक परवान्याशिवाय घेता येते. अंतर फक्त 10 मीटर. उभं राहणं, श्वास रोखणं, चाप न हिसकता दाबणं हे सगळं तिथेच शिकायचं. कोल्हापूरच्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे 2024 साली पॅरिसला 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक घेऊन आला. त्याच जिल्ह्यातल्या तेजस्विनी सावंत 2010 साली म्युनिकला विश्वविजेत्या झाल्या, राही सरनोबत यांनी 2018 च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं. खेड्यात जन्मलं म्हणून हा खेळ आपला नाही, असं म्हणायला आता जागा नाही.

राष्ट्रीय स्पर्धेकडे जाणारी वाट ज्यांच्या नावाने ओळखली जाते ते ग. वा. मावळंकरही मराठीच. लोकसभेचे पहिले अध्यक्ष, आणि 1951 साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय रायफल संघटनेचेही संस्थापक-अध्यक्ष. त्यांच्या नावाची अखिल भारतीय स्पर्धा रायफल, पिस्तूल आणि शॉटगन या तिन्हींसाठी होते.

देवणी, उदगीर, निलंग्याच्या शाळा-महाविद्यालयांना म्हणून एक विनंती. वापरात नसलेल्या एखाद्या लांबट खोलीत 10 मीटरची एक लेन बसते. मागे गोळी अडवणारी भक्कम पाटी, दार आतून बंद, जाणता प्रशिक्षक आणि एक एअर रायफल एवढ्यावर ती सुरू होते. मोबाईलमध्ये नळीची काडतुसं मोजणाऱ्या पोराला तिथे एकदा उभं करा.