बॉनेट उघडताच उजाडतं कसं?

रात्रीची वेळ, कसारा घाट. जुनी प्रीमियर पद्मिनी दोन आचके देते आणि थांबते. कुर्ल्याच्या कारखान्यात घडलेल्या या गाडीच्या बॉनेटखाली, डोळ्यांना दिसणार नाही किंवा पान्याने सुटणार नाही असं जवळपास काहीच नाही. कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर, कॉइल, पेट्रोल पंप, सगळं समोर मांडून ठेवलेलं. डिस्ट्रिब्युटरच्या पॉइंटमध्ये कचरा आहे, वायर निसटली आहे की तापलेल्या पंपावर ओलं फडकं ठेवायचं आहे, हे पाच मिनिटांत कळेल. पण दिसलं तर! दोन्ही हात कामात, टॉर्च दातांत आणि तिचा झोत नेमका नको तिथे.

उपाय केवढासा? बॉनेटच्या आतल्या बाजूला एक छोटा दिवा. एक वायर, एक स्विच, एक फ्यूज. पण या चिमुकल्या जोडणीत किती नवलं दडली आहेत, ते एकेक करून बघा.

पहिलं नवल म्हणजे वायर एकच लागते. शाळेत आपण शिकलो की वीज वाहायला पूर्ण फेरा हवा, जायची एक वाट आणि यायची एक. मग गाडीतली दुसरी वाट कुठे गेली? तुम्ही तिच्यावरच हात टेकून उभे आहात! बॅटरीची एक तार सरळ गाडीच्या पत्र्याला जोडलेली असते, त्यामुळे अख्खी गाडीच दुसरी वायर होते. तांब्याच्या मानाने पोलाद विजेचा बराच सुमार वाहक. पण केसाएवढ्या तारांच्या जुडीपुढे अख्ख्या गाडीचा पत्रा म्हणजे किती रुंद रस्ता! म्हणून भागतं. अडवतात ते फक्त रंग आणि गंज. म्हणूनच वायरमन ‘अर्थ’ घेताना बोल्टखालचा रंग आधी खरवडतो.

आता दुसरं. बॅटरीपासून दिव्यापर्यंत समजा दोन मीटर वायर गेली. दिवा क्षणात लागतो, म्हणजे वायरीतले इलेक्ट्रॉन विजेच्या वेगाने धावत असणार, हो ना? मुळीच नाही. ५ वॉटचा एलईडी दिवा १२ व्होल्टवर साधारण ०.४ अँपिअर प्रवाह घेतो. एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेतून एवढा प्रवाह जाताना इलेक्ट्रॉनांचा पुढे सरकण्याचा सरासरी वेग निघतो तासाला जेमतेम ११ सेंटीमीटर! दोन मीटर ओलांडायला त्यांना अठरा तास लागतील. तोवर तुम्ही गाडी दुरुस्त करून नाशिकला पोचून, झोप काढून उठलेले असाल.

मग दिवा लगेच कसा लागतो? बागेतली नळी आधीच पाण्याने भरलेली असेल, तर नळ सोडताच दुसऱ्या टोकाने पाणी पडतं. नळातलं नवं पाणी तिथवर पोचलेलंही नसतं. तांब्याची तारही अशीच इलेक्ट्रॉनांनी काठोकाठ भरलेली असते. धावतो तो फक्त धक्का, प्रकाशाच्या वेगाच्या आसपास. आणि आणखी एक गंमत. पद्मिनीत बॅटरीचं निगेटिव्ह टोक पत्र्याला जोडलेलं असतं आणि इलेक्ट्रॉन तर निगेटिव्हकडूनच निघतात. म्हणजे ते आधी पत्र्यातून दिव्याकडे जातात आणि वायरीतून बॅटरीत परततात. आपण जिला परतीची वाट समजत होतो, ती त्यांची जायची वाट!

बॉनेट उघडलं हे दिव्याला सांगतं कोण? अनेक अमेरिकन गाड्यांत हे काम पाऱ्याचा एक थेंब करायचा. छोट्याशा बंद कुपीत सुमारे एक ग्रॅम पारा आणि दोन टोकं. बॉनेट वर गेलं की कुपी कलते, पारा घरंगळत टोकांवर येतो आणि फेरा पूर्ण होतो. ना स्प्रिंग, ना खटका. खोलीच्या तापमानाला द्रव असणारा हा एकमेव धातू, आणि त्याला नेमकं साजेसं काम मिळालं होतं! पण पारा विषारी. गाडी भंगारात जाऊन वितळली की तो हवेत मिसळायचा. म्हणून २००३ च्या सुमारास नव्या गाड्यांतून हे स्विच हद्दपार झाले.

आपल्याला दाराच्या चौकटीतला साधा पुश स्विच पुरतो, दार उघडताच आतला दिवा लावणारा. बॉनेट मिटलं की त्याची दांडी दबलेली राहते आणि संपर्क तुटतो. बॉनेट उचललं की स्प्रिंग दांडीला वर ढकलते आणि दिव्याकडून आलेली वायर पत्र्याला जोडली जाते. स्विचचं अंग पत्र्यातच बसलेलं असल्याने त्याला दुसरी वायर लागतच नाही.

आता खुद्द दिवा. जुन्या पद्धतीचा बल्ब तार तापवून उजेड देतो, आणि शंभर भाग विजेतले जेमतेम पाच भाग डोळ्यांना दिसणारा उजेड होतात. बाकी सगळी ऊब. एलईडीचं तसं नाही. तिथे स्फटिकातला इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवरून खालच्या पायरीवर उतरतो आणि उरलेली ऊर्जा थेट प्रकाश म्हणून सोडून देतो. डोळ्यांना दिसणारा लाल एलईडी १९६२ मध्ये आला, पण लख्ख निळा हाती यायला १९९० चं दशक उजाडावं लागलं. त्यासाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. निळ्याचं एवढं कौतुक कशाला? निळ्या प्रकाशावर पिवळ्या फॉस्फरचा थर दिला की आपल्या डोळ्यांना पांढरा उजेड दिसतो. निळा नसता तर बॉनेटखालचा हा पांढरा दिवाही नसता.

या दिव्यासाठी बाजारात मिळणारी १२ व्होल्टची एलईडी पट्टी नीट बघा. दर तीन दिव्यांनंतर कापायची खूण असते. तीनच का? पांढऱ्या एलईडीला साधारण ३ व्होल्ट लागतात. ओळीने तीन जोडले की ९ व्होल्ट संपतात, उरलेले शेजारचा रोधक सोसतो. तसं गाडीचं १२ व्होल्ट हे नावापुरतंच. भरलेली बॅटरी १२.६ दाखवते आणि इंजिन चालू असताना आकडा १४ पर्यंत जातो. हा चढउतारही तोच रोधक झेलतो.

बॅटरी बसेल ही भीती? हिशेब करू. आपला ५ वॉटचा दिवा तासभर जळला तर जेवढी वीज खातो, तेवढी १०० अँपिअर ओढणारा स्टार्टर पंधरा सेकंदांत फस्त करतो! ब्रेक लाइटचा २१ वॉटचा बल्ब मात्र साधारण तेवढ्याच उजेडासाठी चौपट वीज घेईल. बंद गाडीत हा फरक मोलाचा, कारण शेवटी त्याच बॅटरीवर इंजिन सुरू करायचं आहे.

लांब पट्टीचा आणखी एक फायदा. टॉर्चचा उजेड एका बिंदूतून येतो, म्हणून तुमच्याच हाताची काळीकुट्ट सावली पॉइंटवर पडते. बॉनेटच्या रुंदीभर पसरलेल्या पट्टीतलं एक टोक हाताने झाकलं तरी दुसरं उजेड देत राहतं आणि सावली फिकट होते. शिवाय रंग कळतात. रस्त्यावरच्या पिवळ्या सोडियम दिव्याखाली निळी वायर काळी भासते, कारण त्या उजेडात निळा जवळजवळ नसतोच. मग वायर तो परतवणार कुठून?

राहता राहिला फ्यूज. तो दिव्याला वाचवायला नसतो, वायरीला वाचवायला असतो. वायरीचं आवरण कुठे घासून तांबं पत्र्याला टेकलं, तर हीच बॅटरी शेकडो अँपिअर ओतू शकते. आणि प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. म्हणून २ किंवा ३ अँपिअरचा फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ लावा, कारण त्याच्या अलीकडची वायर बेवारस असते. पत्र्यातून वायर नेताना रबरी ग्रोमेट घाला, पट्टी एक्झॉस्टपासून लांब ठेवा, आणि जुन्या गाडीला नवं भोक न पाडता आधीचाच बोल्ट वापरा. गाडी जुनी ब्रिटिश असेल तर आधी तपासा, कारण त्यांतल्या अनेकींत पॉझिटिव्ह टोक पत्र्याला असतं. एलईडी एकाच दिशेने वीज जाऊ देतो. उलटा जोडला तर लागणारच नाही.

आणि कामाला हात घालण्याआधी बॅटरीची पत्र्याकडे जाणारी वायर पहिली सोडा. ती सुटली की पाना कुठेही टेकला तरी फेरा पूर्ण होत नाही, ठिणगी उडत नाही. काम आटोपल्यावर तीच वायर सगळ्यात शेवटी जोडा.